लोगन डिझेल : चार इंजेक्टर बदलण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगमनेरच्या एका वाचकाकडे वडिलांनी हौसेने घेतलेली २००९ ची लोगन डिझेल आहे. १ लाख ६० हजार किलोमीटर झालेत, रीपासिंगही करून घेतलंय. सकाळी चार-पाच वेळा सेल्फ मारल्याशिवाय गाडी सुरू होत नाही. गेल्या महिन्यात चंदनापुरी घाटात चालता चालता बंद पडली आणि अर्ध्या तासाने काहीच न करता सुरू झाली. खड्ड्यात पुढून खडखड येते, ती वेगळीच. गॅरेजवाल्याने चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे पार्ट) आणि हाय प्रेशर पंप (त्यांना दाबाने डिझेल पुरवणारा) बदलायचं अंदाजपत्रक दिलं. रक्कम गाडीच्या आजच्या किमतीएवढी. ‘भंगारात देऊन टाकू का?’ असं ते विचारतात. शेवटी एक ओळ जोडलीय : डोंबिवलीच्या मामांकडे १९९६ ची प्युजो ३०९ डिझेल पाच वर्षं सोसायटीत उभी आहे, ती चालू होईल का?

भाऊ, गाडी देऊ नका आणि इंजेक्टरलाही अजून कुणाला हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेली दुखणी तीन आहेत, औषध मात्र एकच मिळालंय. उशिरा सुरू होणं वेगळं, गरम झाल्यावर बंद पडणं वेगळं आणि खडखड तर इंजिनातली नाहीच. सुरुवातीला मीही हेच करायचो. एकाच पार्टवर सगळं खापर फोडायचो आणि गिऱ्हाइकाचे पैसे खर्च करून शिकायचो.

मी नाशिकला अंबडच्या बाजूला गॅरेज चालवतो. ही गाडी २००७ पासून इथेच, नाशिकमध्ये बनायची, त्यामुळे पहिल्या वर्षांपासून हाताखालून जातेय. गाडी महिंद्रा आणि फ्रेंच कंपनी रेनो यांची. इंजिन रेनोचं, ‘के नाईन के’, १४६१ सीसी. महिंद्रा आणि रेनोची भागीदारी २०१० मध्ये सुटली, २०११ ला गाडीचं नाव व्हेरिटो झालं, इंजिनाचं घराणं तेच राहिलं. पुढे डस्टर, मायक्रा, सनी, टेरानो यांच्यातही हेच घराणं आलं. म्हणून लोगन बंद झाली असली तरी इंजिन ओळखणारा माणूस आणि बरेचसे पार्ट अजून मिळतात. फक्त ‘डस्टरचंच आहे, बसेल’ असं म्हणून कुणी इंजेक्टर किंवा पंप देऊ लागला तर घेऊ नका. घराणं एक असलं तरी पार्टचे नंबर वेगळे आहेत.

आधी या गाडीच्या काही फ्रेंच खोडी सांगतो, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक लोगन मिसिंगची, म्हणजे एखादा सिलिंडर नीट न पेटण्याची, तक्रार घेऊन आली. स्कॅनरने एक नंबरचा सिलिंडर दाखवला. मी टायमिंग बेल्टच्या (पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) बाजूचा पहिला इंजेक्टर काढून टेस्टिंगला पाठवला, कारण उभ्या आयुष्यात एक नंबर तिकडेच बघितलेला. रिपोर्ट एकदम चांगला आला. पुन्हा बसवला, मिसिंग तसंच. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं की रेनो एक नंबर मोजतो तो फ्लायव्हीलकडून, म्हणजे गिअरबॉक्सच्या टोकाकडून. मी काढलेला चौथा होता. प्युजोतही मोजणी अशीच. तुमच्या मेकॅनिकला सहज विचारून बघा, ‘यात एक नंबर कुठला?’ त्याने बेल्टकडे बोट दाखवलं तर गाडी परत घेऊन या.

तसंच ऑइलच्या चेंबरचा नट. बाहेरून षटकोनी नाही, आत ८ मिलिमीटरचं चौकोनी भोक आहे. त्याची किल्ली नसलेला माणूस छिन्नी लावतो, आणि पुढच्या वेळी तो नट वेल्डिंगशिवाय निघत नाही. स्टार डोक्याचे टॉर्क्स बोल्ट जागोजागी आहेत. ते ॲलन-कीने ओढून काढायचा प्रयत्न झाला की डोकं गोल झालंच समजा.

आता सकाळच्या दुखण्याकडे येतो. यावर जास्त लिहितो, कारण तुमची बाकीची भीती यातूनच निघालीय.

या इंजिनाला टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. टाकीपासून बॉनेटपर्यंत डिझेल ओढून आणायचं काम हाय प्रेशर पंपाच्या आतच असलेला छोटा पंप करतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन ‘ओढीवर’ असते. लाइनमध्ये दाब असता तर फट पडल्यावर डिझेल गळलं असतं, खाली डाग दिसला असता. इथे लाइन ओढत असते, म्हणून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. वास नाही, डाग नाही. रात्रभरात पाइपातलं डिझेल टाकीकडे मागे सरकतं, जागा हवा घेते, आणि सकाळी सेल्फ मारला की पंप आधी ती हवा चावत बसतो. चारही इंजेक्टरना डिझेल वाटणारी जाड नळी म्हणजे रेल. तिच्यातला दाब ठराविक पातळीवर चढेपर्यंत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. तुम्हाला वाटतं इंजिन गेलं. ते बिचारं डिझेलची वाट बघतंय.

याची फुकटातली परीक्षा आहे. दोन-तीन रात्री गाडी उतारावर, तोंड खाली आणि डिकी वर अशी लावा. हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. टाकी मागे असते, ती वर राहिली की डिझेल मागे सरकत नाही. अशी लावल्यावर सकाळी पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झाली आणि सपाटीवर लावल्यावर पुन्हा कुरकुर केली, तर लाइन एअर पकडतेय. टाकी अर्धी-पाऊण भरलेली असताना बरी चालते आणि रिझर्व्हला आली की छळते, हीसुद्धा त्याच रोगाची खूण.

दुसरी परीक्षा गॅरेजमध्ये. डिझेल फिल्टर आणि पंप यांच्या मध्ये वीतभर पारदर्शक पाइप जोडायचा, क्लिप नीट आवळायच्या, गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळी एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने पाइपाकडे बघायचं. सुरुवातीला एखाद-दुसरा बुडबुडा चालतो. सोडावॉटरसारखी रांगच लागली, किंवा रात्री भरलेला पाइप सकाळी अर्धा रिकामा दिसला, तर चोर सापडला. मग टाकीच्या दिशेने एकेक जोड मागे तपासत जायचं.

चोर बहुतेक वेळा तीन जागी असतो. पहिली जागा फिल्टरवरचे प्लास्टिकचे खटकी-कनेक्टर. फिल्टर बदलताना कुणीतरी ते स्क्रू-ड्रायव्हरने उचकलेले असतात, आतला ओ-रिंग चिरलेला असतो आणि वरून बाइंडिंग वायर गुंडाळलेली असते. ती वायर दिसली की मी पुढचं काही बघत नाही, आधी ते कनेक्टर बदलतो. दुसरी जागा हाताने दाबायचा रबरी फुगा. हवा काढायला तो लाइनमध्येच दिलेला आहे. पंधरा वर्षांत त्याचं रबर ताठ होतं, तोंडाशी बारीक भेगा पडतात, आतला एकेरी व्हॉल्व्ह डिझेल धरून ठेवत नाही. फुगा दहा-बारा वेळा दाबून तो कडक होतो का बघा. कडक झाल्यावर पहिल्या सेल्फला गाडी सुरू होत असेल तर निदान घरच्या घरीच झालं. तिसरी जागा फिल्टरच्या तळाचा पाणी काढायचा स्क्रू, तो अर्धवट आवळलेला असतो. तिन्हींचा खर्च इंजेक्टरच्या तुलनेत चहापाण्याचा.

ग्लो प्लगकडेही (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारे प्लग) एक नजर टाका, पण लक्षण वेगळं ओळखा. हवेचा त्रास असेल तर सेल्फ फिरत राहतो आणि सायलेन्सरमधून धूर येत नाही, कारण डिझेल आत जातच नाही. ग्लो प्लग मेलेले असतील तर सेल्फ मारताना पांढरा धूर येतो, इंजिन धडपडत सुरू होतं आणि पहिलं अर्धं मिनिट थरथरतं. उन्हाळ्यात हे कळत नाही, थंडीत नाशिक-संगमनेरकडे बरोबर कळतं. मल्टिमीटरने प्लगचा रोध मोजा. चांगला प्लग जेमतेम एक ओहम किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. काढायचे तर इंजिन गरम असताना, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल टाकून, हळू हाताने. तुटला तर हेड उतरवायची पाळी येते.

आता जी गोष्ट मला खरी खटकली ती सांगतो. चार-पाच वेळा लांबलचक सेल्फ मारायची सवय. हाय प्रेशर पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच, वेगळं ऑइल नाही. हवा चावत फिरणारा पंप कोरडा घासतो. महिनोन्‌महिने असं चाललं की आतून धातूची भुकटी सुटते, ती रेलमध्ये जाते, तिथून इंजेक्टरमध्ये. म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या ओ-रिंगकडे काणाडोळा केला की खरोखरच पंप आणि चार इंजेक्टर बदलायची वेळ येते. तुमची गाडी त्या टप्प्यावर पोचली आहे की नाही, हे आधी बघायचं. म्हणून आजपासून : किल्ली फिरवण्याआधी फुगा कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल्फ.

पोचली की नाही ते बघायचं कसं? फिल्टर काढून त्यातलं डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत ओता आणि बरणी उन्हात धरून हळू फिरवा. काळपट गाळ, पाण्याचा थेंब हे चालण्यासारखं आहे. पण रांगोळीतल्या चमकीसारखं काही तरंगताना दिसलं तर श्वास रोखा. फिल्टर पंपाच्या आधी असला तरी परतीच्या डिझेलबरोबर भुकटी टाकीत जाते आणि तिथून फिरून इथे येते. नक्की करायला पंपावरचा इनलेट मीटरिंग व्हॉल्व्ह (आत किती डिझेल घ्यायचं ते ठरवणारा) काढून त्याची जाळी बघतात. तिथे चमक असेल तर तुमचा गॅरेजवाला बरोबर आहे, पण अर्धाच. मग पंप, रेल, पाइप, इंजेक्टर, टाकीची सफाई हे सगळं एकदम करावं लागतं. त्यातलं अर्धं केलं तर नवे इंजेक्टर जुन्याच भुकटीवर चालतील आणि वर्षाच्या आत तुम्ही पुन्हा तिथेच याल.

चमक नसेल, लाइनही हवाबंद झाली आणि तरी त्रास राहिला, तर मग इंजेक्टरची पाळी. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं चालवायचं. तिघांत बोटभर आणि एकात निम्मी बाटली भरली तर तो एक आतून गळतोय. एकच. चार बदलायचं कारण नाही. बदलल्यावर त्याच्या डोक्यावरचा १६ अक्षरी कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. इंजेक्टर डेल्फीचे आहेत, प्रत्येकाची डिझेल सोडायची मोजदाद जन्मजात थोडी वेगळी असते आणि ती त्या कोडमध्ये लिहिलेली असते. कोड न भरता बसवलेल्या नव्या इंजेक्टरवर गाडी धूर मारते, आयडलिंगला धडधडते, आणि गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट दिला.

एक धोक्याची सूचना. जुन्या जीप-ट्रॅक्टरवर हात बसलेले मिस्त्री हवा काढायला इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचा पाइप नट सैल करतात. तिथे ते चालायचं. या रेलमध्ये दाब १४०० बारपर्यंत जातो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, दिसतं नुसतं टोचल्यासारखं, आणि बोट कापायची वेळ येते. इंजिन चालू असताना तिथे पाना लावू नका, कुणाला लावू देऊ नका. हे जास्त दाबाचे पाइप एकदा उघडले की नवीन घालायचे असं कंपनी सांगते, आणि मी ते पाळतो.

घाटातलं बंद पडणं मला बहुतेक दुसऱ्याच जागचं वाटतंय. तुम्ही लिहिलंय, ‘स्विच बंद केल्यासारखी बंद पडली.’ हे वाक्य महत्त्वाचं. डिझेल तुटलं असतं तर आधी पिकअप गेला असता, दोन-चार झटके बसले असते, मग बंद झाली असती. एकदम बंद आणि थंड झाल्यावर आपोआप चालू, हा क्रँक सेन्सरचा स्वभाव. तो गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या भागावर, फ्लायव्हीलच्या डोक्यावर बसलेला असतो. फ्लायव्हील फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे, हे तोच ईसीयूला कळवतो. त्याने सांगितलं नाही तर ईसीयूच्या मते इंजिन थांबलेलंच आहे. मग डिझेल कशाला सोडायचं?

वय झालं की त्याची आतली गुंडाळी गरम झाल्यावर साथ सोडते. कधी सेन्सर चांगला असतो आणि कनेक्टरच्या पिना सैल झालेल्या असतात. कधी टोकाला क्लचची भुकटी आणि लोखंडी कीस चिकटलेला असतो, तो काढून पुसल्यावर महिना-दोन महिने गाडी बरी चालते आणि सगळे खूश होतात. पुन्हा कुठे बंद पडली तर सेल्फ मारत बसू नका. बॉनेट उघडून सेन्सरवर ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, वायरिंगवर पाणी ओतू नका. लगेच सुरू झाली तर संशय पक्का. खात्री स्कॅनरवर करायची : सेल्फ फिरत असताना आरपीएम शून्य दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायर, आरपीएम दिसतोय पण रेलचा दाब चढत नाही तर डिझेलची बाजू. या एका नजरेत अर्धं निदान होतं, आणि तुमच्या अंदाजपत्रकात या दोन आकड्यांचा उल्लेखच नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा भराभर लुकलुकत असेल तर तो तिसराच प्रकार, किल्लीची चिप ओळखली जात नाहीये. दुसरी किल्ली लावून बघा.

सेन्सर बदलण्याआधी बॅटरीपासून गिअरबॉक्सला आणि बॉडीला जाणाऱ्या अर्थच्या पट्ट्या सोडून, घासून पुन्हा बसवा. पंधरा पावसाळे झालेल्या गाडीत त्या हिरव्या पडलेल्या असतात. सेल्फ जड फिरणं, काटे नाचणं, नसलेले फॉल्ट स्कॅनरवर दिसणं, याचं मूळ अनेकदा तिथे निघतं. इंडिकेटरच्या दांडीच्या टोकाला हॉर्न देण्याची फ्रेंच खोड या गाडीतही आहे. हॉर्न दाबून दाबून ती दांडी ढिली होते आणि दिवे चमत्कारिक वागू लागतात. दांडी बदलली की संपलं, वायरमनला पूर्ण हार्नेस सोडू देऊ नका.

आता तुम्ही न विचारलेलं. टायमिंग बेल्ट कधी बदललाय? ‘वडिलांनी बदलला असेल’ हे उत्तर मी धरत नाही, बिल किंवा स्टिकर दाखवा. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतात. मी ८० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी येईल तिथे बदलतो. वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो, म्हणून पंप, टेन्शनर आणि बेल्ट एकदम. कॅम आणि क्रँक दोन्ही पिनने लॉक करून काम करणारा माणूस शोधा. व्हाइटनरची खूण करून बेल्ट बदलणाऱ्याला नमस्कार करून परत या. बाहेरचा, अल्टरनेटर-एसीचा बेल्टही तेव्हाच नवीन घाला. तो फाटला की त्याचे धागे क्रँक पुलीमागून टायमिंग कव्हरच्या आत शिरतात आणि चांगल्या बेल्टला खेचून पाडतात. किरकोळ बेल्टपायी अख्खं हेड गेलेलं मी बघितलंय.

आणि बिग एंडचे शेल, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकवर बसतो तिथले बेअरिंग. या इंजिनाचं खरं नाजूक ठिकाण तेच, आणि ऑइल उशिरा बदलणाऱ्यांना ते हमखास नडतं. पुढच्या ऑइल बदलाला जुना फिल्टर टाकून देऊ नका. त्याचा पत्रा कात्रीसारख्या कटरने कापा, करवतीने नको, नाहीतर करवतीचाच कीस बघून घाबराल. आतला कागद उलगडून उन्हात धरा. चंदेरी किंवा तांबूस कण दिसले तर चेंबर उघडून शेल बघायची वेळ झाली. तेव्हा बघितलं तर शेल आणि बोल्टवर भागतं. इंजिनातून भार घेताना ठकठक येईपर्यंत थांबलात तर क्रँक काढावा लागतो. ऑइल साधारण साडेचार लिटर बसतं, मी ते ८-१० हजारांवर बदलतो. ऑइल जास्त भरणं हीदेखील चूकच, काडीच्या वरच्या खुणेपलीकडे नको.

खडखडीवर फार लिहीत नाही. लोगनची स्टॅबिलायझरची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीची) लिंक म्हणजे लांब बोल्ट आणि त्यावर ओवलेले रबर. हे रबर झिजले की लहान खड्ड्यात डबा वाजल्यासारखा आवाज येतो. आधी तेच बदला, स्वस्त आहे. मग लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, मग शॉकअपच्या डोक्याचं माउंटिंग. स्टिअरिंग जागेवर वळवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाटली तर ते माउंटिंगच. बुशचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असली पाहिजे. जॅकवर लटकत असताना आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. आमच्याकडे हे पाळणारे कमी, म्हणून ‘या गाडीला बुश टिकत नाहीत’ अशी बदनामी.

गाडी वर घेतलीच आहे तर डाव्या ॲक्सलचं गिअरबॉक्सकडचं रबरी बूट बघा. इतर गाड्यांत बूट फाटलं तर ग्रीस उडतं. इथे डावीकडचं आतलं बूट तीन बोल्टने थेट गिअरबॉक्सला बसवलेलं आहे आणि त्याच्या आत गिअर ऑइल असतं. फाटलं की गिअरबॉक्स गपचूप रिकामा होतो. ॲक्सल ओढणाऱ्या नवख्याच्या अंगावर तेल पडतं तेव्हा त्याला हे कळतं. बदलल्यावर भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत तेल भरायचं, अंदाजाने एक लिटर ओतून मोकळं व्हायचं नाही.

कूलंट बदललं तर पाइपवरचा हवा काढायचा स्क्रू उघडून हवा काढा. नाहीतर काटा अचानक वर जाईल आणि कुणीतरी हेड गॅस्केट सांगेल.

म्हणजे तुमचा क्रम असा. या आठवड्यात उताराची परीक्षा आणि फुगा. मग बरणीतलं डिझेल. मग अर्थ आणि स्कॅनरवरचे ते दोन आकडे. हे होईपर्यंत घाटात जाऊ नका. तोवर इंजेक्टरवरच्या चारही कोडचे फोटो काढून ठेवा. ती लेबलं धुताना उडतात आणि मग जुना इंजेक्टर परत बसवायचा तरी कोड सापडत नाही. वापरलेले पार्ट हवे असतील तर कुर्ल्याला मिळतात, पण तिथून दार, दिवे, काच, अल्टरनेटर आणा. वापरलेला हाय प्रेशर पंप आणू नका. तो कुणी कोरडा फिरवलाय हे वरून दिसत नाही.

आता मामांची ३०९. ही गाडी युरोपात १९८५ ची. आपल्याकडे १९९४ पासून कल्याणला प्रीमियर आणि प्युजोच्या भागीदारीत बनली आणि काही वर्षांतच कारखान्याचा कारभार आटोपला, म्हणून पार्टांची रडकथा. पण मामांची डिझेल आहे हे नशीब. त्यातलं १५२७ सीसीचं इंजिन मारुतीनेही झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये वापरलं होतं, त्यामुळे इंजिनाचं सामान जुन्या स्पेअरवाल्यांकडे अजून निघतं. दार-काचांचं मात्र अवघड.

डोंबिवलीला गेलात की बॉनेट उघडू नका. आधी गाडीच्या मागे दहा पावलं जा आणि उकिडवे बसून मागची चाकं बघा. दोन्ही चाकं वरच्या बाजूने आत झुकलेली, खाली फाकलेली दिसली, तर मागच्या आडव्या नळीतल्या आर्मची सुई-बेअरिंग गेलीत. मागे साध्या स्प्रिंगऐवजी पिळाच्या दांड्या आहेत आणि हे आर्म त्या नळीत फिरतात. पाणी शिरलं की बेअरिंग गंजून नळीच खातात. तेव्हा अख्खा मागचा ॲक्सल उतरवणं आलं, आणि ते काम जाणणारा माणूस आधी शोधा, गाडी नंतर हलवा.

चाकं सरळ असतील तर आशा आहे. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, रबरी नळ्या नव्या घाला, फिल्टर बदला, ब्रेकचे सिलिंडर बघा. मग मोठा पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, कुठे अडतंय का. याही इंजिनात डिझेल पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो. पाच वर्षं उभ्या गाडीत पंप चिकटलेला असेल तर सेल्फच्या पहिल्या झटक्याला जुना बेल्ट दात सोडतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. बेल्ट नवा पडल्याशिवाय मामांना किल्ली फिरवू देऊ नका, कितीही उत्साहात असले तरी.